केरिस ओळखायला शिकताना: पातं एका बेटाचं, पेहराव दुसऱ्या बेटाचा

केरिस ही मलय जगातली कट्यार पहिल्यांदा समोर आली की नवख्या माणसाच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: "ही कुठली?" मीही बरीच वर्षं तोच विचारत होतो. आता वेगळं विचारतो: हिचं पातं कुठलं, मूठ कुठली आणि म्यान कुठलं? कारण केरिस फिरते. जावामध्ये घडलेलं पातं लग्नात, लढाईत, नजराण्यात किंवा व्यापारात समुद्र ओलांडून जातं. नव्या घरी त्याला नवी मूठ बसते, तिथला सुतार त्याला नवं म्यान करून देतो. शंभर वर्षांनी ती कट्यार आपल्यासमोर येते तेव्हा तिच्या अंगावर दोन-तीन प्रदेश एकत्र नांदत असतात. हे ध्यानात ठेवलं तर शिकणं सोपं जातं. खाली मी जो क्रम दिला आहे तो याच एका गोष्टीवर उभा आहे.

"मलय" हा शब्द इथे मोठ्या अर्थाने घ्यायचा. आजचा मलेशिया तर आहेच, शिवाय इंडोनेशियातली जावा, मदुरा, बाली, सुमात्रा आणि सुलावेसी ही बेटं, थायलंडच्या दक्षिणेचा पतानी प्रदेश, ब्रुनेई आणि फिलिपीन्सचा दक्षिण भाग, इतका केरिसचा मुलूख आहे. युनेस्कोने २००५ मध्ये इंडोनेशियाच्या केरिसचा मानवी वारसा म्हणून गौरव केला आणि २००८ मध्ये ती अमूर्त वारशाच्या यादीत आली.

पहिली पायरी: केरिस आहे का, हे आधी ठरवा

पातं नागमोडी असलं की ती केरिस, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. सरळ पात्याच्या केरिस असंख्य आहेत. ओळखायची खूण पात्याच्या बुडाशी असते. केरिसचं पातं शेंड्याकडे निमुळतं होत जातं आणि मुठीजवळ एकदम रुंदावतं, तेही एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. म्हणजे ती मुद्दाम असमान असते. या रुंद बुडाखाली एक आडवी लोखंडी पट्टी बसवलेली असते, तिला गांजा म्हणतात. बहुतेक केरिसांत गांजा वेगळी घडवून पात्याला घट्ट बसवलेली असते आणि नीट पाहिलं तर दोहोंमधली केसासारखी बारीक रेघ दिसते. पात्याचा जो दांडा मुठीत शिरतो तो पेसी. तो गांजाच्या भोकातून आरपार जातो.

या खुणा नसतील तर समोर मलय मुलखातलीच दुसरी एखादी कट्यार असेल. सुलावेसीच्या बुगिस लोकांची बादिक एकधारी असते आणि तिची मूठ वाकडी असते. सुमात्राच्या आचे प्रांताची रेनचोंग इतकी मानाची की त्या प्रांतालाच रेनचोंगची भूमी म्हणतात, आणि तिच्या आकारात 'बिस्मिल्लाह'ची अक्षरं आहेत असं आचेचे लोक अभिमानाने सांगतात. मलय द्वीपकल्पातल्या तुंबुक लादा या नावाचा अर्थ "मिरी कुटणारी" असा होतो. सुमात्रातल्याच मिनांगकाबाऊ लोकांची करांबित वाघनखासारखी वळलेली असते. या सगळ्या आपापल्या जागी थोर आहेत, पण त्यांच्यासाठी वेगळा अभ्यास हवा.

दुसरी पायरी: हात लावण्याची रीत

केरिस कुणाच्या घरी पाहत असाल तर ती बहुधा पुसाका असेल, म्हणजे वाडवडिलांकडून आलेली, घराण्याची पूज्य वस्तू. आपल्याकडे देवघरातला टाक कुणी सहज उचलून पाहत नाही, तसंच हे. आधी विचारा. हातात दिली तर दोन्ही हातांनी घ्या. जावामध्ये पुष्कळ जण पातं बाहेर काढण्याआधी किंवा काढल्यावर केरिस कपाळाला लावतात. तुम्ही निदान क्षणभर थांबा.

मूठ धरून पातं खसकन ओढायचं नाही. डाव्या हातात म्यान, उजव्या हातात मूठ, आणि पात्याची एक कड म्यानाच्या आतल्या लाकडाला टेकवून म्यान हळूहळू मागे सारायचं. म्यान मऊ लाकडाचं असतं, धार आत घासली तर लाकूड कायमचं झिजतं. परत घालताना नवख्यांची हमखास चूक होते. गांजा असमान असल्यामुळे म्यानाच्या तोंडाची खाचही असमान असते आणि पातं एकाच बाजूने बसतं. उलटं घालून दाबलं तर म्यानाचं वरचं लाकूड तडकतं. गांजाची लांब बाजू आणि खाचेची लांब बाजू आधी जुळवून घ्या. टोक कुणाच्या रोखाने धरू नका. आणि नंतर हात स्वच्छ धुवा. जुन्या केरिसांना सोमलाची पुटं दिलेली असतात, त्याबद्दल पुढे सांगतोच.

तिसरी पायरी: म्यान वाचा

लोक थेट पात्याकडे धावतात. मी उलट सांगतो, म्यानापासून सुरुवात करा. म्यान लाकडाचं असल्याने ते पात्याआधी खराब होतं, बदललं जातं, आणि म्हणूनच ते शेवटच्या मालकाचा प्रदेश सांगतं. हे उत्तर सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत ताजं असतं.

म्यानाच्या तोंडाशी जो आडवा, रुंद, नावेसारखा भाग असतो त्याला मलय भाषेत सांपिर म्हणतात. जावामध्ये या भागाला आणि पुष्कळदा सबंध म्यानालाच वारांगका म्हणतात. प्रदेश ओळखायचा तो याच्या आकारावरून.

जावामध्ये दोन तऱ्हा मुख्य. दरबारी, समारंभाची तऱ्हा दोन्ही टोकांना वर उचललेली, पानासारखी डौलदार असते. हिला सोलोत, म्हणजे सुराकर्तात, लाद्रांग म्हणतात आणि योग्यकर्तात ब्रांगाह. रोजच्या वापराची गायामान गोलसर आणि आटोपशीर असते. सोलो आणि योग्यकर्ता ही दोन्ही घराणी मूळ मताराम राज्यातून फुटलेली. १७५५ च्या गियांती तहाने राज्याचे दोन तुकडे झाले आणि तेव्हापासून पोशाख, नृत्य, बातिक, केरिस सगळ्यांत "आमचं वेगळं" सुरू झालं. योग्यकर्ताने जुन्या मतारामची साधी, आवरलेली रीत धरून ठेवली, सोलोने ती अधिक नटवली, असं तिथले जाणकार सांगतात. दोन्ही तऱ्हा शेजारी ठेवून पाहिल्या की सोलोचा लाद्रांग अंग पसरून बसलेला वाटतो आणि योग्यकर्ताचा ब्रांगाह आखडून, ताठ बसलेला. चार-पाच नमुने पाहा, नजर आपोआप बसते. जावाच्या म्यानाच्या दांड्यावर पेंदोक नावाचं पितळी, चांदीचं किंवा सोन्याचा मुलामा दिलेलं वेष्टन असतं. लाकडात तिमोहोला मोठा मान, कारण त्यावर निसर्गानेच काळपट ठिपके आणि पट्टे काढलेले असतात. चंदनाचीही म्यानं असतात.

बालीचं म्यान मोठं आणि भारदस्त असतं. तिथे केरिस पाठीवर उंच खोचतात, इतकी की मूठ खांद्यावरून डोकावते. जावामध्ये ती पाठीमागे कमरपट्ट्यात तिरकी खोचतात, मूठ उजवीकडे झुकलेली. मलय द्वीपकल्पात ती डाव्या कुशीला, पुढे असते. धारण करायची जागा बदलली की म्यानाचा आकारही बदलतो, हा संबंध लक्षात ठेवला की पाठांतराची गरज निम्मी होते.

बुगिसांचं म्यान लांबून ओळखू येतं. सांपिर मोठा, भरीव, टोकांना गोलाई आलेला. पतानीकडचा सांपिर त्याहूनही मोठा, रुंद होडीसारखा असतो.

चौथी पायरी: मूठ, जिथे धर्म आणि व्यापार दोन्ही दिसतात

मला केरिसमध्ये सगळ्यांत जास्त जीव मुठीत दिसतो. सांस्कृतिक प्रभाव म्हणतात तो इथे अक्षरशः मुठीत धरता येतो.

'झेंग हे' नावाच्या चिनी दर्यावर्दीसोबत १४१३ मध्ये जावाला गेलेला मा हुआन लिहितो की मजापहित या तिथल्या राज्यात तीन वर्षांच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक पुरुषाच्या कमरेला कट्यार असते, आणि तिची मूठ सोन्याची, गेंड्याच्या शिंगाची किंवा हस्तिदंताची असून तिच्यावर माणसाचे किंवा राक्षसाचे चेहरे कोरलेले असतात. हा हिंदू-बौद्ध जावा. पुढे बेटावर इस्लाम पसरला, सजीव आकृती कोरण्याची ओढ कमी झाली आणि मुठींवर एक विलक्षण गोष्ट घडली. राक्षस नाहीसा झाला नाही, तो विरघळला. जावाची आजची मूठ पाहा: पुढे किंचित वाकलेली, गुळगुळीत, चपट्या कडांची लाकडी मूठ. पण आतल्या बाजूला, बोटं टेकतात तिथे, दोन छोट्या कोरीव चौकटी असतात. त्यांत पानंवेली दिसतात. जरा वेळ टक लावून पाहिलं की वेलींत डोळे आणि दात शोधावेसे वाटतात. जुन्या चेहऱ्यांचा हा उरलेला ठसा आहे, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. या मुठीला नुंगाक सेमी म्हणतात, अर्थ "पालवी फुटलेला बुंधा".

बाली हिंदूच राहिली, त्यामुळे तिथे चेहरा टिकला आणि फुलला. राक्षस, देव, महाभारतातला भीम, अंगावर सोनं आणि लाल खडे. बालीची मूठ ओळखायला पुस्तक लागत नाही.

जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या चिरेबोनलाही राक्षसाच्या मुठी सापडतात, पण आकृती अधिक ठोकळेबाज, घट्ट बसलेली.

आता सुमात्रा आणि मलय द्वीपकल्पाकडे या. इथली सर्वांत प्रसिद्ध मूठ म्हणजे जावा देमाम. शब्दशः अर्थ "ताप चढलेला जावावासी". नाव ऐकून हसू येईल, पण मूठ हातात घेऊन पाहा. मान खाली, डोकं पक्ष्यासारखं निमुळतं, दोन्ही हात पोटाशी घट्ट आवळलेले, पाठ वाकलेली. थंडी वाजून आलेला माणूस घोंगडीत कसा गुरफटून बसतो, अगदी तसा. सुरुवातीला मला ती फक्त वेलबुट्टीची वाटायची. एकदा कोपर सापडलं आणि मग पुन्हा कधी वेलबुट्टी दिसलीच नाही. नवख्यांना माझं सांगणं असं की जावा देमाम मुठीत आधी कोपर शोधा. बाकीची आकृती त्यामागोमाग उलगडते.

पतानीची पेकाका मूठ दुसऱ्या टोकाची. पेकाका म्हणजे आपला खंड्या पक्षी. चोचीसारखं लांबच लांब नाक, खाली सुळे, अंगभर इतकं दाट कोरीवकाम की बोट ठेवायला जागा नाही. या केरिसला ताजोंग असंही म्हणतात. नाव पक्ष्याचं, पण चेहरा राक्षसाचा आणि घाट जावाच्या छायानाट्यातल्या बाहुल्यांची आठवण करून देणारा.

बुगिस मूठ साधी असते, पिस्तुलाच्या दस्त्यासारखी काटकोनात वाकलेली. ही तुम्हाला सुलावेसीपासून हजारो किलोमीटरवर सेलांगोर, जोहोर आणि रियाउमध्येही भेटेल. का, याचं उत्तर इतिहासात आहे. डचांनी बुगिस मित्रांच्या मदतीने मकासरच्या राज्याचा पाडाव केला. १६६७ मध्ये बोंगायाचा तह झाला आणि १६६९ मध्ये सोंबा ओपूचा किल्ला पडला. त्या धामधुमीत आणि नंतर दक्षिण सुलावेसीतून बुगिस आणि मकासारी लोक जहाजं भरभरून बाहेर पडले. लढवय्ये, दर्यावर्दी, व्यापारी. १८ व्या शतकात त्यांनी मलय दरबारांत जम बसवला आणि सेलांगोरची सुलतानशाही तर बुगिस घराण्याचीच. त्यांच्यासोबत त्यांची मूठ आणि त्यांचा सांपिर आला आणि तिथला झाला. म्हणून बुगिस मूठ दिसली की "सुलावेसी" असं ठोकून देऊ नका.

मदुरावर युरोपचा वारा लागला. तिथल्या कारागिरांनी हस्तिदंताच्या आणि लाकडाच्या मुठींवर फुलांबरोबर राजमुकुट, सिंह आणि ढाली कोरल्या, डच राजचिन्हांवरून घेतलेल्या. सुमेनेपच्या राजघराण्याचं चिन्ह असलेला पंखांचा घोडाही दिसतो. सुमेनेपजवळच्या आएंग तोंगतोंग गावात आजही घरोघरी केरिस घडते.

फिलिपीन्सच्या दक्षिणेत, सुलू आणि मिंदानाओच्या मोरो लोकांकडे पोहोचेपर्यंत केरिसची तलवार झाली. त्यांची कालिस मोठी, जड, भोसकण्याबरोबर तोडण्यासाठीही केलेली. मूठ सरळ आणि तिच्या शेवटाला काकाकुव्याच्या तुऱ्यासारखा आकार. पातं मुठीत हलू नये म्हणून एक किंवा दोन धातूच्या पट्ट्या मुठीवर आवळलेल्या असतात, त्यांना आसांग-आसांग म्हणतात. त्या दिसल्या की शंका उरत नाही.

पाचवी पायरी: पातं

आता कुठे पातं. तीन गोष्टी पाहायच्या.

एक, वळणं. वळणाला लुक म्हणतात आणि त्यांची संख्या नेहमी विषम. ३, ५, ७, ९, ११, १३. तेराच्या वर गेलं की ते पातं नेहमीच्या चौकटीबाहेरचं. मोजायची रीत अशी: बुडापासून शेंड्याकडे जायचं आणि दोन्ही कडांवरचे फुगवटे आळीपाळीने मोजायचे, डावा, उजवा, डावा. सम संख्या आली तर बहुधा बुडाजवळचा पहिला अस्पष्ट फुगवटा सुटलेला असतो. पुन्हा मोजा. आपल्या भाषेत या आकाराला "नागमोडी" म्हणतात आणि जावामध्येही नेमकी तीच कल्पना आहे: वळणांचं पातं म्हणजे चाललेला नाग, सरळ पातं म्हणजे स्थिर, तपाला बसलेला नाग. नागसास्रा घडणीत तर नागाचं डोकं बुडाशी मुकुटासह कोरलेलं असतं आणि अंग पात्यावरून वर गेलेलं असतं. सिंगा बारोंग घडणीत त्या जागी सिंह बसतो, आणि तो चिनी देवळांच्या दारातल्या सिंहाचा भाऊ शोभावा असा असतो.

दोन, बुडाजवळचे बारकावे. पात्याच्या बुडाशी एक छोटी वळलेली सोंड बाहेर आलेली दिसते. जावामध्ये तिला केंबांग काचांग म्हणजे शेंगेचं फूल म्हणतात, मलय भाषेत बेलालाई गाजाह, म्हणजेच हत्तीची सोंड. तिच्याखालच्या काट्यांना जावामध्ये लांबे गाजाह, हत्तीचे ओठ, म्हणतात. दुसऱ्या टोकाला गांजावर करवतीसारखे बारीक दात असतात ते ग्रेनेंग. बुडाशी अंगठा मावेल असा खळगा आणि त्यापासून वर गेलेल्या दोन खोल पन्हळी असतात. या सगळ्यांची कोणती जुळणी आहे यावरून पात्याला नाव मिळतं आणि त्या नावाला दापुर म्हणतात. जवळजवळ काहीच नसलेलं साधं सरळ पातं ब्रोजोल. सुरुवातीला दापुरांची नावं पाठ करत बसू नका, फक्त काय आहे आणि काय नाही याची वहीत नोंद करा.

तीन, अंगलट. जावाचं पातं वारंवार धुतल्याने आणि पुटं दिल्याने खरखरीत, झिजलेलं, हलकं लागतं. बालीचं लांब, जाड, गुळगुळीत आणि चकचकीत असतं. बुगिस पातं आखूड आणि रुंद. सुमात्रात केरिस पांजांग नावाचं अरुंद, सरळ, लांब पातं मिळतं, त्याला बाहारी असंही म्हणतात. असं पातं मलय मुलखात देहदंडासाठीही वापरत: गळपट्टीच्या हाडामागून खाली थेट हृदयापर्यंत.

पातं कोणत्या काळचं, कोणत्या प्रदेशाचं याचा जो निवाडा जाणकार करतात त्याला तांग्गुह म्हणतात. या शब्दातच अंदाज आहे. दोन जाणकार एकाच पात्याला मजापहित आणि मताराम अशी दोन नावं देतील, आणि दोघेही तुमच्यापेक्षा जास्त जाणत असतील. तुम्ही दोन्ही लिहून ठेवा.

सहावी पायरी: पामोर

पात्यावर जी रुपेरी नक्षी तरंगताना दिसते ती पामोर. ती काढलेली नसते, घडलेली असते. लोहार, ज्याला जावामध्ये आदराने एंपू म्हणतात, लोखंड आणि निकेल असलेला धातू एकमेकांवर ठेवून तापवतो, ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो. मध्ये पोलादाची पट्टी घालतो, तिची धार होते. मग सोमल आणि लिंबाच्या रसाचं मिश्रण, वारांगान, लावलं की लोखंड काळं पडतं आणि निकेल असलेले थर पांढरे उठतात. निकेल कुठून आलं यालाही इतिहास आहे. सुलावेसीच्या लुवू भागातलं लोखंड त्यासाठी नावाजलेलं होतं. १८ व्या शतकात प्रंबानन मंदिरांच्या परिसरात पडलेल्या उल्केचा तुकडा सुराकर्ताच्या राजवाड्यात नेला गेला आणि कांजेंग क्याई पामोर या आदराच्या नावाने तो तिथे पूज्य आहे. पुढे युरोपातून शुद्ध निकेल येऊ लागलं आणि नक्षी झगझगीत पांढरी झाली. जुन्या पामोरचा रंग राखाडीकडे झुकतो.

नावं फार गोड आहेत. बेरास वुताह म्हणजे सांडलेले तांदूळ. उदान मास म्हणजे सोन्याचा पाऊस, एकात एक वर्तुळांचे ठिपके, व्यापाऱ्यांच्या आवडीचा. ब्लाराक म्हणजे नारळाच्या झावळ्या. कुलित सेमांगका म्हणजे कलिंगडाची साल. यातल्या काही नक्षी लोहार आधी ठरवून काढतो, काही ठोकता ठोकता आपोआप उमटतात. आपोआप उमटलेल्याचं मोल जावामध्ये कमी नाही.

खोटा पामोर ओळखायला एक चाचणी पुरते. बाजारात एकसंध लोखंडावर आम्लाने नक्षी खाऊन काढलेली पाती खूप मिळतात. पात्याची कड उजेडात तिरकी धरा. खरा पामोर असेल तर थरांच्या रेघा कडेपर्यंत जातात, कडेवरही दिसतात, आणि नख फिरवलं तर नक्षी हाताला लागते. खोटी नक्षी कडेपाशी दचकून थांबते. गंज पाहून वय ठरवू नका. आम्लात बुडवून एका महिन्यात तीनशे वर्षांचा गंज चढवता येतो.

सातवी पायरी: तीन उत्तरं एकत्र ठेवा

एक उदाहरण देतो. एका विक्रेत्याने माझ्या स्नेह्याला "अस्सल मलाक्काची" म्हणून एक केरिस दिली होती. आम्ही ती टेबलावर पांढऱ्या कापडावर उघडली. म्यान: मोठा, गोल टोकांचा सांपिर, म्हणजे बुगिस वळण. मूठ: जावा देमाम, कोपर स्पष्ट, म्हणजे सुमात्रा किंवा द्वीपकल्प. पातं: ९ लुक, हलकं, खरखरीत, झिजलेलं, खोल पन्हळींचं, म्हणजे जावा. पातं म्यानात किंचित खुळखुळत होतं. जावामध्ये म्यान पात्याच्या मापाने बेततात, त्यामुळे हा खुळखुळाट बोलका होता.

स्नेह्याला वाईट वाटलं, फसलो असं वाटलं. मला तसं वाटलं नाही. जावामध्ये घडलेलं पातं सामुद्रधुनीपलीकडे गेलं, तिथे बुगिस वस्तीत कुणाच्या तरी कमरेला लागलं, ही कहाणी "अस्सल मलाक्काची" या चिठ्ठीपेक्षा कितीतरी मोठी आहे. आम्ही त्याच्या वहीत तीन ओळी लिहिल्या: पातं, जावा. मूठ, द्वीपकल्प किंवा सुमात्रा. म्यान, बुगिस पद्धत, बहुधा द्वीपकल्प. तुम्हीही प्रत्येक केरिससाठी अशाच तीन ओळी लिहा, एक ओळ कधीच लिहू नका.

निगा आणि खरेदी, थोडक्यात

घरात केरिस असेल तर ती कोरडी ठेवा, हलकं तेल लावा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाहा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर दोनदा. जावामध्ये सुरो महिन्यात, म्हणजे मोहरममध्ये, केरिस धुतात. नारळाच्या पाण्यात भिजवतात, लिंबू आणि लेराकने घासतात (लेराक म्हणजे आपल्या रिठ्याचा सख्खा भाऊ), मग पुट देऊन सुवासिक तेल लावतात. सोमलाचा भाग घरी कधीही करू नका, ते विष आहे. बालीत दर २१० दिवसांनी तुंपेक लांदेप येतो. लांदेप म्हणजे धारदार. त्या दिवशी केरिसांची पूजा होते आणि आता स्कूटर-मोटारींचीही. खंडेनवमीला हत्यारांना झेंडूची फुलं वाहून गाडीला हार घालणाऱ्या आपल्या माणसाला तिथे काहीच परकं वाटणार नाही.

विकत घेताना हस्तिदंताच्या मुठीपासून दूर राहा, त्याच्या व्यापारावर बंदी आहे. जुनी वस्तू इंडोनेशियातून बाहेर नेताना तिथला वारसा कायदा, भारतात आणताना शस्त्र कायदा आणि सीमाशुल्क आड येऊ शकतात. पैसे देण्याआधी चौकशी करा. खरं तर पहिली दोन वर्षं काहीच घेऊ नका, फक्त पाहा.

पाहायला जागा पुष्कळ. जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात दिपोनेगोरो या राजपुत्राची केरिस आहे. १८२५ ते १८३० डचांशी लढलेल्या या राजपुत्राची क्याई नोगो सिलुमान नेदरलँड्सने २०२० मध्ये परत केली. सोलोत केरिसचं स्वतंत्र संग्रहालय आहे, योग्यकर्तात सोनोबुदोयो, बालीत उबुदचं नेका, क्वालालंपूरला मुझियम नेगारा. अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात क्नाउड या डच गृहस्थाच्या नावाने ओळखली जाणारी केरिस आहे, रामायणातले प्रसंग असलेल्या तांब्याच्या पत्र्याने मढवलेली. तिच्यावर शके १२६४ असं वर्ष आहे. आपल्या पंचांगातलाच हा शक, त्यात ७८ मिळवा, १३४२ येतं.

आणि सोलोला गेलात तर अर्धा दिवस काढून लावू पर्वताच्या उतारावरच्या सुकुह मंदिरात जा. पंधराव्या शतकातलं हे हिंदू मंदिर. तिथे एका दगडी पटावर लोहाराची शाळ कोरली आहे. डावीकडे भीम पातं घडतोय, भोवती तयार हत्यारं मांडलेली. उजवीकडे अर्जुन उभ्या नळ्यांचा भाता चालवतोय. आणि दोघांच्या मध्ये, एक पाय उचलून, गणपती नाचतोय. भीमाच्या हातातलं पातं नीट पाहा, आणि मग केरिसच्या बुडाशी असलेली सोंड आठवून पाहा.